तेआहुपोओ: दोन वाऱ्यांच्या तडाख्यातली लाट

ताहिती बेटाच्या नकाशात दोन तुकडे दिसतात. एक मोठा, जवळजवळ गोल. आणि अरुंद पट्टीने त्याला जोडलेला दुसरा, धाकटा. या धाकट्या तुकड्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्याने जाणारा गाडीरस्ता जिथे संपतो, तिथे तेआहुपोओ हे गाव आहे. गावाच्या पाठीशी सरळसोट हिरवे डोंगर आणि समोर उथळ, निळंशार, संथ पाणी. किनाऱ्यावर उभं राहिलं तर इथे जगातली सर्वांत धोकादायक समजली जाणारी एक लाट फुटते यावर विश्वास बसत नाही, कारण ती फुटते ती अर्धा-पाऊण किलोमीटर आत, प्रवाळाच्या भिंतीवर. त्या भिंतीला एक खिंडार आहे. डोंगरातून उतरणाऱ्या गोड्या पाण्यात प्रवाळ वाढत नाही, म्हणून ताहितीत नद्यांच्या मुखासमोर अशी खिंडारं राहिली आहेत. तेआहुपोओच्या खिंडाराला हावाए म्हणतात. त्याच्या काठावर प्रशांत महासागराचं पाणी एकदम उभं राहतं आणि स्वतःभोवती गुंडाळलं जातं.

या लाटेविषयी सहसा उंचीच सांगितली जाते: इतके मीटर, इतके फूट. माझ्या मते उंची हा आकडा इथे सर्वांत कमी बोलका आहे. पोर्तुगालमधल्या नाझारेला किंवा कॅलिफोर्नियातल्या मॅव्हरिक्सला याहून कितीतरी उंच लाटा येतात. तेआहुपोओचं वेगळेपण तिच्या जाडीत आहे, आणि ती जमून येण्यासाठी लागणाऱ्या वाऱ्यांच्या जुळणीतही. इथे दोन वाऱ्यांचा हिशेब मांडावा लागतो. एक वारा पाच हजार किलोमीटरवर, दिवसचे दिवस पिसाटासारखा वाहायला हवा. दुसरा इथला, डोंगराखालचा. तो मात्र पडलेला हवा, नाहीतर जमिनीकडून हलकासा यायला हवा. अडचण अशी की दोन्ही वाऱ्यांचा जोर एकाच ऋतूत असतो.

आधी दूरच्या वाऱ्याचं पाहू. शाळेच्या भूगोलात ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ ही नावं आपण पाठ केलेली असतात. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या खाली पृथ्वीला वेढणारा समुद्राचा पट्टा जवळजवळ मोकळा आहे. वाऱ्याला अडवायला दक्षिण अमेरिकेचं टोक, टास्मानिया, न्यूझीलंड आणि काही सुटी बेटं एवढंच. तिथला हिवाळा म्हणजे आपला उन्हाळा संपून पावसाळा लागण्याचा काळ. मे ते सप्टेंबरमध्ये अंटार्क्टिकाच्या थंड हवेचा आणि उत्तरेकडच्या उबदार हवेचा संघर्ष सर्वांत तीव्र होतो आणि एकामागून एक वादळं पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत राहतात.

लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला. दक्षिण महासागरात तिन्ही भरपूर मिळतात. त्यातही वादळ लाटांच्याच दिशेने सरकत असेल, तर ते आपणच उठवलेल्या लाटांवर पुन्हा पुन्हा बळ ओतत जातं. न्यूझीलंडच्या दक्षिणेला किंवा आग्नेयेला एखादं वादळ असं ईशान्येकडे वळलं की ताहितीतल्या जाणत्यांचे कान टवकारतात. वादळ न्यूझीलंडच्या पश्चिमेलाच राहिलं तर त्या देशाची दोन बेटं वाटेत आडवी येतात आणि बराचसा जोर तिथेच अडतो.

वादळाच्या पोटात समुद्र नुसता घुसळलेला असतो. लहान-मोठ्या, आखूड-लांब लाटा सगळ्या दिशांनी एकमेकींवर आदळत असतात. तिथून निघाल्यावर मात्र त्यांची आपोआप वर्गवारी होते. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या कालावधीवर ठरतो. कालावधी म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांचे माथे एकाच जागेवरून जायला लागणारा वेळ. ज्यांचा कालावधी जास्त त्या पुढे निघतात, आखूड लाटा मागे पडतात आणि वाटेतच विरतात. 16 सेकंदांच्या लाटेची एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतची लांबी सुमारे 400 मीटर असते. 18 सेकंदांच्या लाटेची 500 मीटरच्या आसपास. एकेक माथा ताशी शंभर किलोमीटरच्या जवळपास वेगाने धावताना दिसतो, पण लाटांचा थवा, म्हणजेच ऊर्जा, त्याच्या निम्म्या वेगाने पुढे सरकते. थव्याच्या शेपटाकडून नवा माथा उठतो, थव्यातून पुढे जातो आणि तोंडाशी विरून जातो. ताशी 45 ते 50 किलोमीटर वेगाने पाच हजार किलोमीटर म्हणजे चार-साडेचार दिवस. सोमवारी उठलेल्या वादळाच्या लाटा शुक्रवारी पोचतात.

वाटेत या लाटा खचत कशा नाहीत, हा प्रश्न एकेकाळी शास्त्रज्ञांनाही पडला होता. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याच्या किनारी चढायांसाठी लाटांचे अंदाज बांधण्याच्या कामात मोठा वाटा उचलला होता. 1963 मध्ये त्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी उभारली: सामोआत, पाल्मिरा या प्रवाळबेटावर, हवाईत, अलास्कात याकुटाटला. हवाई आणि अलास्का यांच्यामध्ये बेट नाही, म्हणून तिथे एक तरंगतं जहाजच उभं केलं. दक्षिण महासागरातल्या वादळाची लाट एका ठाण्यावरून दुसऱ्यावर जाताना त्यांनी टिपली. वादळाचा परिसर सोडल्यावर लांब कालावधीच्या लाटा जवळजवळ ऊर्जा न गमावता दहा-दहा हजार किलोमीटर जातात, असं त्यातून दिसलं. पसरण्यामुळे उंची कमी होते, पण घर्षणाने नाहीशी होणारी ऊर्जा नगण्य असते. आज जगभरचे सर्फर मोबाइलवर आठवडाभर पुढचा अंदाज पाहतात, त्याच्या मुळाशी मंक यांची ही मोजमापं आहेत.

आपल्या किनाऱ्यालाही ही गोष्ट परकी नाही. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातली वादळं अशाच लाटा उत्तरेला पाठवतात. एप्रिल-मेमध्ये, मान्सून यायच्या आधी, स्वच्छ आकाश आणि मंद वारा असताना समुद्र अचानक चढतो आणि होड्या ओढून ठेवलेल्या पुळणीवर पाणी येतं. केरळात त्याला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा लाटांचे इशारे देते. मे 2024 च्या सुरुवातीला दिलेल्या अशाच एका इशाऱ्यावरून मुंबई महापालिकेनेही नागरिकांना समुद्राजवळ न जाण्याचं आवाहन केलं होतं. कोकणात मात्र या लाटा तेआहुपोओसारखं रूप घेत नाहीत, आणि याचं कारण समुद्राच्या तळाशी आहे.

लाटेला तळ कधी जाणवू लागतो? पाण्याची खोली तिच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की. 18 सेकंदांच्या लाटेला अडीचशे मीटर खोलीवरच तळ लागायला सुरुवात होते. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. तेवढ्या उथळ उतारावरून येताना लाट हळूहळू मंदावते, तळाशी घासते, ऊर्जा पसरवत येते. ताहिती हा समुद्रतळापासून उठलेला ज्वालामुखी आहे. त्याला अशी समुद्रबूड जमीनच नाही. प्रवाळाच्या कडेपासून काहीशे मीटर बाहेर गेलात की खाली शेकडो मीटर पाणी. दक्षिण महासागरातून निघालेली लाट जवळजवळ पूर्ण वेगात, पूर्ण ताकदीनिशी त्या कडेवर येऊन धडकते.

ही धडक कशी होते, ते खिंडारात नांगरलेल्या होडीतून दिसतं. आधी क्षितिजाची रेघ जाड होते. मग खडकावरचं पाणी मागे, समुद्राकडे ओढलं जाऊ लागतं. येणाऱ्या लाटेला उभं राहायला पाणी हवं असतं आणि ते ती पायाखालूनच उपसते. खडकावर एरवीही माणूस उभा राहील इतकंच पाणी. त्यातलंही उपसलं गेलं की प्रवाळाचे तांबूस-तपकिरी डाग पाण्याखाली उघड दिसू लागतात. लाटेचा पाय कड्याला अडखळतो, माथा मात्र जुन्याच वेगात असतो. एसटीत उभ्याने जाताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की पाय जागीच राहतात आणि धड पुढे फेकलं जातं, तसं. लाटेचा ओठ पुढे फेकला जातो. तो एरवीच्या लाटेसारखा पातळ पदर नसतो. कड्याबाहेर खोल पाणी असल्यामुळे लाटेच्या मागे आख्खा समुद्रच उंचावलेला असतो, आणि म्हणून ओठाची जाडी एखाद्या मीटरची, मोठ्या दिवशी कित्येक मीटरची होते. समोरून पाहिलं तर लाट समुद्रसपाटीच्या वर उठलेली न वाटता सपाटीच्या खाली खणलेल्या खड्ड्यासारखी वाटते. मागून पाहिलं तर तिथे लाट आहे हेही कळत नाही. पाठीवर फक्त एक हलका उंचवटा.

किती बळ असतं त्यात? खोल पाण्यातल्या लाटेची शक्ती उंचीच्या वर्गाच्या आणि कालावधीच्या प्रमाणात वाढते. तीन मीटर उंच, 16 सेकंदांच्या लाटा आल्या तर लाटेच्या रुंदीच्या दर मीटरमागे सुमारे 70 किलोवॅट. तेवढ्याच उंचीच्या पण आठ सेकंदांच्या लाटांपेक्षा दुप्पट. उंचीचा आकडा एकटा काही सांगत नाही, असं मी वर म्हटलं ते यासाठी.

कालावधीइतकीच दिशा महत्त्वाची. इथली लाट डावीकडे फुटत जाते, म्हणजे लाटेवरच्या माणसाच्या डाव्या हाताला, खिंडाराच्या दिशेने. लाट दक्षिणेकडून जास्त आली तर ती प्रवाळाच्या कडेने पळत जाते. ओठाखालचा पोकळ बोगदा पुढे पुढे उलगडतो आणि सर्फरला शेवटी खिंडाराच्या खोल पाण्यात बाहेर पडायला जागा मिळते. लाट पश्चिमेकडे झुकली तर ती कड्यावर जवळजवळ समोरूनच येते. मग बोगद्याच्या शेवटच्या टोकाला, जिथे प्रवाळ सर्वांत उथळ आहे, तिथे सगळी ताकद एकवटते. या वाकणाला सर्फर ‘वेस्ट बोल’ म्हणतात. दिशेत पाच-दहा अंशांचा फरक पडला तरी तोच आकार, तोच कालावधी असलेली लाट ओळखीची राहत नाही. इथे वाढलेली मुलं क्षितिजावरची रेघ किती तिरकी आहे यावरून लाट सोडायची की घ्यायची हे ठरवतात. ती नजर यायला वर्षं लागतात.

आता जवळचा वारा. ताहितीत वर्षाचा बराच काळ पूर्वेकडचे व्यापारी वारे वाहतात. मे ते सप्टेंबर या कोरड्या, गार ऋतूत ते आग्नेयेकडे वळतात आणि मधूनच जोर धरतात. बेटांच्या दक्षिणेला जास्त दाबाचा पट्टा बळकट झाला की दोन-चार दिवस, कधी आठवडाभर, सोसाट्याचा आग्नेय वारा सुटतो. ताहितीची माणसं त्याला ‘माराआमू’ म्हणतात. गार हवा, सरीवर सरी, खवळलेला समुद्र असं त्याचं रूप. धाकट्या ताहितीचं दक्षिण टोक त्याच्या वाटेतच आहे. त्यामुळे तेआहुपोओला माराआमू बाजूने आणि थोडा समुद्राकडूनच येतो, आणि लाटेचा गुळगुळीत तोंडवळा ओरबाडून टाकतो.

ही ओरबड दिसायला किरकोळ असते. वीतभर उंचीच्या उसळ्या. पण ताशी तीस-चाळीस किलोमीटरने घसरणाऱ्या फळीखाली वीतभर उसळी आली की फळी पाण्यापासून सुटते, आणि पुढचा एक सेकंद माणूस हवेत असतो, खाली उघडा प्रवाळ. शिवाय आग्नेय वारा आपल्या सात-आठ सेकंदांच्या आखूड लाटाही आणतो. दक्षिणेकडून आलेल्या मोठ्या लाटेवर त्या तिरक्या चढतात आणि ओठ कुठे पडणार याचा अंदाज चुकवतात. उलट, पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून, म्हणजे डोंगरावरून वारा आला तर तो लाटेच्या तोंडावर समोरून फुंकर घालतो. ओठ क्षणभर उशिरा पडतो, बोगदा मोठा आणि काचेसारखा होतो. पण हाही वारा फार झाला तर त्रास. तो फळीखाली शिरून माणसाला माथ्यावरच अडकवतो, तुषारांनी डोळे भरतो, आणि खाली उतरायचा क्षण हुकतो. इथे माथ्यावर अडकणं म्हणजे ओठाबरोबर खाली फेकलं जाणं.

मूळ अडचण अशी. न्यूझीलंडच्या खालून जे वादळ जातं, त्याच्या पाठोपाठ बऱ्याचदा जास्त दाबाचा प्रदेश पूर्वेकडे सरकत येतो. लाटांना ताहितीपर्यंत यायला चार-पाच दिवस लागतात. तेवढ्यात तो दाबही बेटांच्या दक्षिणेला येऊन बसलेला असतो आणि माराआमू सुटतो. लाट घडवणारी आणि लाट बिघडवणारी अशा दोन्ही गोष्टी एकाच हवामानाच्या पोटातून निघतात. ज्या दिवसांची चित्रं जगभर फिरतात, ते या दोन वेळापत्रकांमध्ये पडलेल्या फटीत आलेले दिवस आहेत. दाब जरा दक्षिणेला राहिला, किंवा उत्तरेकडून एखादा कमी दाबाचा पट्टा येऊन व्यापारी वारे ढिले पडले, तर फट उघडते. ती कधी दिवसभर टिकते, कधी दोन तास.

रोजची एक फट मात्र ठरलेली असते. रात्री डोंगर थंड होतात आणि दऱ्यांतून गार हवा समुद्राकडे उतरते. आपल्याकडे याला मतलई वारा म्हणतात; ताहितीत ‘हुपे’. पहाटे हा हुपे प्रवाळापर्यंत पोचतो आणि व्यापारी वाऱ्याला थोडा वेळ थोपवून धरतो. म्हणून सहा वाजता होड्या निघतात. ऊन चढलं, जमीन तापली की तो थांबतो आणि दहाच्या सुमाराला पाण्याचा रंग बदलतो.

पहाटेला आणखी एक गोष्ट जोडलेली आहे, आणि ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते. आपल्याकडे भरतीची वेळ चंद्रामागे धावते, रोज पाऊण तासाने पुढे सरकते. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतलं अंतर चार-पाच मीटर असतं. ताहितीत तसं नाही. चंद्रामुळे उठणारी भरतीची लाट महासागरात काही बिंदूंभोवती फिरते आणि त्या बिंदूंवर चढ-उतार जवळजवळ शून्य असतो. ताहिती अशा एका बिंदूच्या जवळ आहे. चंद्राचा वाटा इतका कमी, की सूर्याचाच अंमल उरतो. त्यामुळे भरती वर्षभर दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास, ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. चढ-उतार सारा मिळून फूटभर. पण प्रवाळावर पाणीच जेमतेम असेल तर तो फूटही मोजावा लागतो. जेव्हा वारा सर्वांत चांगला, तेव्हा पाणी सर्वांत कमी. पहाटेची स्वच्छ लाट आणि दुपारचं जरासं जास्त पाणी यांतून एकच निवडता येतं.

बाकी वर्षाचं थोडक्यात सांगता येतं. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा: उत्तर प्रशांताच्या हिवाळ्यातल्या लाटा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, पापेनोओकडे जातात आणि तेआहुपोओला बहुतेक दिवस लहान, पोरांना शिकण्यासारखी लाट राहते. एप्रिल आणि ऑक्टोबर हे सांध्याचे महिने. लाटा कमी येतात, पण व्यापारी वारे ढिले असतात; एखादी चांगली लाट आलीच तर ती नासण्याची शक्यता कमी. जुलै-ऑगस्टमध्ये लाटा सर्वांत जास्त आणि वारा सर्वांत अविश्वासू. जागतिक व्यावसायिक स्पर्धा अलीकडे बहुतेक वर्षं ऑगस्टमध्ये होत आली, आणि तिच्यासाठी दहा-बारा दिवसांची मुदत राखून ठेवतात ती यातले तीन-चार दिवस तरी कामाचे निघावेत म्हणून.

धोका नेमका कुठे, हे एव्हाना लक्षात आलं असेल. पडणाऱ्याला खाली वाळू मिळत नाही, प्रवाळ मिळतो. पाणी भिंतीवरून आतल्या उथळ भागात ढकललं जातं आणि तेच पाणी खिंडारातून परत बाहेर पडतं. मोठ्या दिवशी हा प्रवाह पोहणाऱ्याला जुमानत नाही. प्रवाळाच्या जखमा चिघळतात, म्हणून ताहितीत त्यांवर लिंबू पिळून घासतात. 2000 मध्ये ब्रीस ताएरेआ हा इथलाच तरुण सर्फर एका मोठ्या लाटेखालून पलीकडे निघायचा प्रयत्न करताना ओठाबरोबर प्रवाळावर फेकला गेला आणि त्या जखमांनी वारला. तो नवखा नव्हता, त्याला ही जागा ठाऊक होती. लाट खाली पाणीच ठेवत नसेल तर तिच्याखालून जायला वाट उरत नाही.

त्याच वर्षी 17 ऑगस्टला लेअर्ड हॅमिल्टन हा सर्फर जेट स्कीने ओढला जाऊन अशा लाटेवर चढला, जिच्यावर हाताने वल्हवत चढणं शक्यच नव्हतं. लांब कालावधीची लाट इतक्या वेगात येते की फळीवर पालथं पडून हात मारणारा माणूस तिचा वेग गाठेपर्यंत ती उभी राहून वाकलेली असते. त्या दिवसानंतर तेआहुपोओचं नाव सर्फिंगच्या बाहेरच्या जगातही गेलं. 27 ऑगस्ट 2011 ला लाटा इतक्या चढल्या की प्रशासनाने धोक्याचा लाल इशारा दिला, चालू असलेली व्यावसायिक स्पर्धा त्या दिवसापुरती थांबली, आणि जेट स्कीवाल्या जोड्या तरीही पाण्यात उतरल्या. त्या दिवशीची चित्रं आजही पाहवत नाहीत. केआला केनेली ही 2005 मध्ये इथे जेट स्कीमागून लाट घेणारी पहिली स्त्री. 2011 मध्ये तिचा चेहरा प्रवाळावर फाटला. ती परत आली आणि 2015 मध्ये तिने इथे घेतलेल्या बोगद्याला त्या हंगामातला सर्वोत्तम ठरवून पुरस्कार मिळाला. त्या विभागात तोवर पुरुषच जिंकत आले होते.

मला इथे स्पष्ट बोललं पाहिजे. केनेली हे करत असताना, 2006 नंतर स्त्रियांची स्पर्धा या ठिकाणाहून काढून टाकली गेली होती. ती परत यायला 2022 उजाडलं. लाट धोकादायक आहे हे खरं, पण ती सर्वांना सारखीच धोकादायक आहे. पंधरा-सोळा वर्षं एका पिढीला इथे स्पर्धेत उतरून शिकू दिलं नाही, हा अन्याय होता. 2024 मध्ये जवळच्या हुआहिने बेटावरची वाहिने फिएरो ही पाहुणी स्पर्धक म्हणून आली आणि जिंकून गेली.

त्याच वर्षीच्या पॅरिस ऑलिंपिकचं सर्फिंग पॅरिसपासून पंधरा हजार किलोमीटरहून जास्त दूर, इथे झालं. परीक्षकांचा जुना लाकडी मनोरा काढून अल्युमिनियमचा नवा उभारायचं ठरलं, तेव्हा गावकऱ्यांनी मोर्चे काढले. त्यांच्या मासेमारीचा आणि लाटेचाही आधार तो प्रवाळच आहे. डिसेंबर 2023 मध्ये कामाच्या चाचणीत एका तराफ्याने प्रवाळ तोडला, तेव्हा त्यांची भीती खरी ठरली. मनोऱ्याचा आकार आणि वजन कमी करायचं त्याआधीच ठरलं होतं. या कड्याची घडण बदलली तर लाट बदलेल, हे त्या माणसांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

स्पर्धा 27 जुलैला सुरू झाली. 29 जुलैला लाटा मोठ्या आणि स्वच्छ आल्या. ब्राझीलच्या गॅब्रिएल मेदिनाने 9.90 गुणांची लाट घेतली आणि लाटेवरून हवेत उसळून बोट वर केलं, फळी शेजारी उभी. जेरोम ब्रुइये या छायाचित्रकाराने टिपलेलं ते चित्र आपल्याकडच्या फोनांवरही फिरलं. त्याच दिवशी दुपारी समुद्र इतका बिघडला की स्त्रियांची फेरी पुढे ढकलावी लागली. नंतरचे दोन दिवस वाट पाहण्यात गेले, 1 ऑगस्टला खेळ झाला, आणि पुन्हा थांबणं. मुदतीचा शेवटचा दिवस होता 5 ऑगस्ट, आणि उपान्त्य व अंतिम फेऱ्या त्याच दिवशी झाल्या.

लाटा सलग येत नाहीत, थव्यांनी येतात. जवळजवळ सारख्या कालावधीच्या लाटांच्या रांगा एकमेकींत मिसळल्या की कुठे माथ्यावर माथा चढतो आणि मोठ्या लाटांचा ‘सेट’ बनतो, कुठे माथ्यावर दरी येते आणि पाणी सपाट पडतं. वादळ जितकं जुनं आणि दूर, तितके दोन सेटमधले सपाट काळ लांबत जातात. पुरुषांच्या अंतिम फेरीत शेजारच्या वाइराओ गावचा काउली वास्त सुरुवातीलाच दोन लाटांवर 9.50 आणि 8.17 गुण घेऊन मोकळा झाला. गुण दोन लाटांचे धरतात. ऑस्ट्रेलियाच्या जॅक रॉबिन्सनकडे 7.83 गुणांची एक लाट होती आणि दुसरीसाठी बराच वेळ हातात होता. समुद्र सपाट झाला. त्याच्या हाती दुसरी चांगली लाट लागलीच नाही, आणि फेरी 17.67 विरुद्ध 7.83 अशी संपली. लगेच स्त्रियांची अंतिम फेरी सुरू झाली तेव्हाही लाटा तशाच कंजूस होत्या. अमेरिकेच्या कॅरोलाइन मार्क्सने ब्राझीलच्या तातियाना वेस्टन-वेबला 0.17 गुणांनी हरवलं.